91 पर्सेंटाइल, सीओईपीची इच्छा आणि कॅपचा ऑप्शन फॉर्म

साताऱ्याच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या राज्याच्या परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, तिला एकूण 91.3 पर्सेंटाइल मिळाले असून विषयवार पाहता गणितात 84, भौतिकशास्त्रात 94 आणि रसायनशास्त्रात 95 आहेत. बारावी साताऱ्यातूनच 86 टक्क्यांनी, दहावी 96 टक्क्यांनी. खो-खोची प्रमाणपत्रे आणि विज्ञान प्रदर्शनातले एक पारितोषिक गाठीला आहे. प्रवर्ग खुला, घरचे वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आसपास. पुण्याच्या सीओईपीत, या नावाजलेल्या सरकारी अभियांत्रिकी संस्थेत, कॉम्प्युटर करायचे, हे आठवीपासून ठरलेले. एवढ्या कमी गुणांवर तिथे अर्ज करण्यात अर्थ आहे का, बाकीच्या कामगिरीचा विचार व्हावा म्हणून एखादे पत्र जोडता येते का, की एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी द्यावी, असे तिचे तीन प्रश्न आहेत. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत कागदपत्र-पडताळणी केंद्रावर बरीच वर्षे बसत आलो आहे. त्या टेबलावरून जे दिसते, त्याच्या आधारे तिलाच उद्देशून हे उत्तर लिहीत आहे. नियमांचे उल्लेख 2025-26 या वर्षाच्या प्रवेशप्रक्रियेचे आहेत.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यावर बाकी सगळे अवलंबून आहे. पत्र जोडता येत नाही. तशी जागाच अर्जात नाही, आणि असती तरी ते वाचणारा माणूस या प्रक्रियेत कुठेही बसलेला नाही. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, तुमची कागदपत्रे तपासली जातात, तुमचा गुणवत्ता क्रमांक ठरतो आणि तुम्ही भरलेल्या पसंतीक्रमानुसार संगणक जागा देतो. दहावीचे 96 टक्के, खो-खो, विज्ञान प्रदर्शन यांपैकी काहीही त्या क्रमांकात मिळवले जात नाही. बारावीचे गुणसुद्धा मुख्यतः पात्रतेपुरते, म्हणजे खुल्या प्रवर्गासाठी संबंधित विषयांत 45 टक्के असण्यापुरते, आणि दोघांचे पर्सेंटाइल अगदी सारखे आले तर पुढेमागे करण्यापुरते उपयोगी पडतात. अमेरिकेतल्या महाविद्यालयांत निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे, शाळेबाहेरचे उपक्रम हे सगळे पाहिले जाते. त्यामुळे कमी गुणांवर अर्ज कसा सजवावा, याबद्दल इंटरनेटवर मिळणारा बराचसा सल्ला तिकडचा असतो आणि तो इथे लागू पडत नाही. या कोरडेपणाबद्दल माझी फारशी तक्रार नाही. ज्या घरात पत्र चांगले लिहून देणारे कोणी नाही, अशा घरातली मुलेही त्याच रांगेत, त्याच नियमाने उभी राहतात. मात्र याचा अर्थ असा, की कमी गुणांचे कारण कोणाला समजावून सांगण्याची सोय इथे नाही. आहेत त्या गुणांचा उपयोग नीट करायचा की वाया घालवायचा, एवढेच तुमच्या हातात उरते.

आता हे गुण कमी आहेत म्हणजे किती कमी, ते पाहू. 2025 मध्ये पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची सीईटी चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी दिली. 91 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी साधारण नऊ टक्के तुमच्या पुढे, म्हणजे छत्तीस-सदतीस हजार विद्यार्थी. 99 पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे चार हजार असतात आणि 99.9 वाल्याच्या पुढे चारशे. घरच्यांना 91 आणि 99 यांतला फरक आठ गुणांचा वाटतो, कारण टक्केवारीची सवय जात नाही. प्रत्यक्षात तो बत्तीस हजार विद्यार्थ्यांचा आहे. त्याच वेळी राज्यात अभियांत्रिकीच्या जागा दोन लाखांच्या घरात आहेत, त्यामुळे तुम्हाला प्रवेश मिळेल की नाही ही चिंता करण्याचे कारण नाही. सीओईपीतल्या कॉम्प्युटरचा खुल्या जागांचा कटऑफ 99.9 च्या आसपास असतो आणि तो चौथ्या फेरीपर्यंत 91 वर येणार नाही. तिथल्या मेटलर्जी, मॅन्युफॅक्चरिंग, सिव्हिल अशा शाखांचा कटऑफ 99 च्या खाली उतरतो, पण खुल्या प्रवर्गासाठी तोही 91 पर्यंत येत नाही. हे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण 'शेवटच्या फेरीत काहीही होऊ शकते' असे सांगणारे क्लासवाले आणि नातेवाईक तुम्हाला भेटलेच असतील.

तरीही तुमचा खरा प्रश्न सीओईपी मिळेल का, हा नाही असे मला वाटते. 'सीओईपीत कॉम्प्युटर' या एका इच्छेत तीन वेगळ्या इच्छा एकत्र झालेल्या आहेत: नावाजलेली सरकारी संस्था, कॉम्प्युटर ही शाखा आणि पुणे हे शहर. 99.9 वाल्याला तिन्ही एकदम मिळतात. 91 वाल्याला त्यांतली एक निश्चित मिळते, दोन कदाचित मिळतात, तिन्ही मिळत नाहीत. कोणती आधी हवी, हे मात्र अर्ज भरताना तुम्हालाच सांगावे लागते, आणि ते ठरवलेले नसले की ऑप्शन फॉर्मचा, म्हणजे पसंतीक्रमाच्या अर्जाचा, गोंधळ होतो.

केंद्रावर आलेल्या मुलांना मी सहसा दोन-तीन प्रश्न विचारतो. साताऱ्यापासून तासाभरावर कराडच्या शासकीय महाविद्यालयात मेकॅनिकल मिळते आहे आणि पुण्याच्या एका मध्यम खासगी महाविद्यालयात कॉम्प्युटर मिळते आहे, तर कोणते घ्याल? नांदेडला सरकारी संस्थेत इलेक्ट्रिकल आणि कोल्हापूर भागात खासगी महाविद्यालयात आयटी, यांत काय? अनेकदा असे होते, की मुलगी 'कॉम्प्युटर' म्हणते त्याच क्षणी वडील 'सरकारी' म्हणतात, आणि दोघे एकमेकांकडे पाहतात. हा मतभेद घरी, जेवणाच्या वेळी मिटलेला बरा. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी सायबर कॅफेत तो मिटत नाही, मग जो माऊस धरून बसलेला असतो त्याच्या मताप्रमाणे फॉर्म भरला जातो.

शाखा की संस्था, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर माझ्याकडे नाही. माझा कल सांगतो. ज्या मुलीला प्रोग्रॅमिंग म्हणजे काय हे थोडेफार करून माहीत आहे आणि ते आवडले आहे, तिने शाखेला महत्त्व द्यावे. जिला कॉम्प्युटर हवे आहे ते केवळ सगळे घेतात म्हणून, तिने जुनी सरकारी किंवा अनुदानित संस्था घ्यावी, कारण तिथे शुल्क कमी असते, प्रयोगशाळा आणि माजी विद्यार्थ्यांचे जाळे जुने असते आणि सोबतची मुले अभ्यासू असतात. या शेवटच्या गोष्टीचे मोल चार वर्षांनी कळते. शिवाय बी.टेक.ला मूळ शाखेबरोबर अठरा ते वीस जादा श्रेयांकांचे विषय घेऊन दुसऱ्या शाखेतली 'मायनर' पदवी जोडण्याची सोय आता अनेक स्वायत्त महाविद्यालयांत आहे. मेकॅनिकल करता करता कॉम्प्युटरची मायनर करणारी मुले माझ्या वर्गात दरवर्षी असतात. वेळापत्रक जड होते, पण ज्याला खरोखर आवड आहे तो निभावून नेतो. एम.टेक.साठी गेट या प्रवेशपरीक्षेचा दरवाजा तर शाखा आणि संस्था कोणतीही असली तरी उघडाच असतो.

यानंतरचे काम म्हणजे कटऑफच्या याद्या वाचणे, आणि इथेच सर्वात जास्त चुका होतात. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीची यादी पीडीएफ स्वरूपात मिळते. प्रत्येक महाविद्यालय आणि शाखेखाली रकान्यांचा एक तक्ता असतो, रकान्याच्या डोक्यावर जीओपनएस, एलओपनएच, जीओबीसीओ, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफी) असे संकेत असतात, खाली एक मोठा आकडा आणि त्याच्याखाली कंसात पर्सेंटाइल. मोठा आकडा हा गुणवत्ता यादीतला क्रमांक. संकेतातले पहिले अक्षर 'जी' असेल तर ती सर्वसाधारण जागा, 'एल' असेल तर महिलांसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचे अक्षर 'एच' म्हणजे त्या महाविद्यालयाच्या विद्यापीठक्षेत्रातले विद्यार्थी, 'ओ' म्हणजे त्या क्षेत्राबाहेरचे, 'एस' म्हणजे राज्यभरातले सर्व. तुम्ही मुलगी आहात, खुल्या प्रवर्गातल्या आहात आणि बारावी साताऱ्यातून झालेली आहे. त्यामुळे प्रत्येक तक्त्यात तुमच्या कामाचे रकाने चार-पाचच आहेत, बाकीच्यांकडे पाहून आनंद किंवा दुःख मानू नये. संकेतस्थळे आणि यूट्यूबवरचे 'कॉलेज प्रेडिक्टर' बहुतेक वेळा फक्त जीओपनचा आकडा दाखवतात, आणि तो तुमचा आकडा नव्हे.

महिलांच्या रकान्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तुमच्या बाबतीत तो सर्वात उपयोगी ठरू शकतो. तीस टक्के जागा महिलांसाठी राखीव असतात. कॉम्प्युटर आणि आयटीला मुलींची मागणी इतकी असते, की तिथे 'एल' आणि 'जी' यांचे कटऑफ जवळजवळ सारखेच लागतात, कधी दशांशाचाच फरक. मेकॅनिकल, सिव्हिल, प्रॉडक्शन, टेक्स्टाइल या शाखांत मात्र मुली कमी अर्ज करतात आणि 'एल'चा कटऑफ 'जी'पेक्षा स्पष्टपणे खाली जातो. म्हणजे 91 पर्सेंटाइलवर ज्या सरकारी संस्थेचे मेकॅनिकल एखाद्या मुलाला हुकते, तेच तुम्हाला मिळू शकते. मेकॅनिकल मुलींचे क्षेत्र नाही, हे ऐकून फॉर्ममधून ते काढून टाकणाऱ्या मुली दरवर्षी दिसतात. ज्या आत्या-मावश्या हा सल्ला देतात, त्यांना आजच्या कारखान्यातले डिझाइनचे आणि सिम्युलेशनचे काम संगणकासमोर बसून चालते, हे माहीत नसते.

'एच' आणि 'ओ' यांचे गणितही तुम्ही समजून घ्यावे. विद्यापीठक्षेत्र ठरते ते बारावी जिथून उत्तीर्ण झालात त्यावरून, आधार कार्डावरच्या पत्त्यावरून नव्हे. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. तुमच्याच वर्गातली जी मैत्रीण बारावीसाठी लातूरला गेली, तिचे क्षेत्र नांदेडच्या विद्यापीठाचे झाले. ज्या महाविद्यालयांत ही विभागणी लागू होते तिथे सत्तर टक्के जागा त्या क्षेत्रातल्यांसाठी आणि तीस टक्के बाहेरच्यांसाठी असतात. म्हणून पुण्यातल्या खासगी महाविद्यालयांत तुम्ही तीस टक्क्यांच्या गर्दीत असाल आणि तिथला 'ओ'चा कटऑफ पुण्याकडे असलेल्या ओढीमुळे चढा असतो; याउलट इस्लामपूर, कोल्हापूर, इचलकरंजी या पट्ट्यातल्या चांगल्या खासगी महाविद्यालयांत तुम्ही 'एच' आहात. सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या संस्थांत 'एस', म्हणजे सगळा महाराष्ट्र एकाच रांगेत.

तुमच्या यादीत कोणती नावे असावीत, याबद्दल मी अशी सुरुवात करीन. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासूनचे आहे आणि तुमच्याच जिल्ह्यात आहे. घराजवळचे म्हणून सातारकर मुले त्याला कमी लेखतात, आणि विदर्भ-मराठवाड्यातली मुले तिथे येऊन शिकून जातात. वालचंद 1947 चे. तिथे कॉम्प्युटर आणि आयटी तुमच्या आवाक्याबाहेर असले तरी सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलचे 'एल' रकाने नीट पाहा. पुणे जिल्ह्यातले अवसरी खुर्दचे शासकीय महाविद्यालय, नांदेडची श्री गुरू गोविंदसिंगजी संस्था, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि जळगावची शासकीय महाविद्यालये, लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, यांच्या काही शाखा तुमच्या गुणांच्या आसपास फिरतात. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये टेक्स्टाइलचा कटऑफ तिथल्या इतर शाखांपेक्षा खाली असतो, आणि माटुंग्याच्या आयसीटीत (रसायन तंत्रज्ञान संस्थेत) मुख्य केमिकल सोडून ज्या विशेष शाखा आहेत त्यांतल्या काहींचेही तसेच आहे. रसायनशास्त्रात 95 मिळवणाऱ्या मुलीने आयसीटीचा विचारच न करणे मला पटत नाही. 'अतिशय निवडक संस्था' हवी हीच तुमची पहिली इच्छा असेल, तर ती पुरी होण्याची जी काही अंधुक शक्यता आहे ती या कमी चर्चेतल्या शाखांत आहे. जेईई मेन दिली असेल तर तेही पाहा, कारण खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत पंधरा टक्के जागा अखिल भारतीय म्हणून जेईईच्या गुणांवर भरतात आणि तिथे लागणारे पर्सेंटाइल अनेकदा सीईटीच्या आकड्यापेक्षा कमी असतात.

उत्पन्न सहा लाख आहे, म्हणजे आठ लाखांच्या आत, त्यामुळे तुम्हाला ईडब्ल्यूएसचे प्रमाणपत्र मिळू शकते. अजून काढले नसेल तर हा परिच्छेद वाचून झाल्यावर पहिले काम तेच. दहा टक्के जागा त्यात आहेत आणि काही ठिकाणी त्यांचा कटऑफ खुल्यापेक्षा खाली लागतो. त्याहून मोठा लाभ शुल्काचा आहे: 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रमाणपत्र सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच असावे लागते. केंद्र सरकारच्या नोकरीसाठीच्या नमुन्यातले प्रमाणपत्र घेऊन आलेली मुले टेबलावरून परत जातात आणि तहसीलच्या फेऱ्यांत मुदत संपते. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या पाच टक्के जादा जागा, यांच्याविषयी एक गैरसमज आहे. त्या गरिबांसाठी, म्हणून सोप्या, असे लोक धरून चालतात. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांतून त्या जागा प्रवर्ग न पाहता गुणवत्तेवर भरतात आणि त्यांचा कटऑफ त्याच शाखेच्या खुल्या कटऑफपेक्षा बहुधा वरच असतो. तुम्हाला माफी ईडब्ल्यूएसमधून मिळणार असेल तर त्या मागे धावण्याचे कारण उरत नाही. फॉर्ममध्ये त्यांचे 'टी' जोडलेले वेगळे संकेतांक टाकले तर नुकसानही नाही.

आता ऑप्शन फॉर्म. 2025-26 पासून कॅपच्या चार फेऱ्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर आलेला ऑटो फ्रीझचा नियम समजून घेतल्याशिवाय फॉर्मला हात लावू नये. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही मिळाली तर, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी कोणतीही मिळाली तर. ती नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम. याखेरीज मिळालेली जागा शुल्क भरून हातात ठेवून 'बेटरमेंट'साठी पुढे जाता येते, पण पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली की आधीची जागा आपोआप सुटते आणि तिच्याकडे परत येता येत नाही.

यावरून लोक असा निष्कर्ष काढतात, की अशक्य पर्याय वर टाकले तर फॉर्म वाया जातो. तसे होत नाही. संगणक तुमच्या यादीत वरून खाली येतो आणि तुमच्या क्रमांकाला जी पहिली जागा मिळू शकते तिथे थांबतो. वरचे पर्याय न मिळाल्याचा खालच्या पर्यायांवर काहीही परिणाम होत नाही. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: सीओईपीचे कॉम्प्युटर पहिल्या क्रमांकावर खुशाल टाका. त्याला खर्च नाही, अपमान नाही. त्याच्याखाली सीओईपीच्या ज्या इतर शाखा तुम्हाला खरोखर चालतील त्या, व्हीजेटीआय, आयसीटी, वालचंद, आणि मग प्रत्यक्ष मिळण्याजोग्या जागा. अशा प्रामाणिक यादीत पहिल्या सहा जागा आपोआप मोठ्या इच्छांनी भरतात, त्यामुळे तिसऱ्या फेरीपर्यंत ऑटो फ्रीझ तुम्हाला आडवा येण्याची शक्यताही कमी होते. चूक होते ती उलट्या बाजूने. 'मिळायला तर हवे' या भीतीने एखादे सोपे महाविद्यालय दुसऱ्या क्रमांकावर टाकले जाते, दुसऱ्या फेरीत ते मिळते, आणि चौथ्या फेरीत जे मिळाले असते ते पाहण्याचा हक्कच जातो. क्रम शक्यतेचा नसून आवडीचा असावा. यादीच्या तळाशी मात्र सढळ हाताने पर्याय टाका. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, आणि दहा पर्याय भरून रिकाम्या हाताने राहिलेली 95 पर्सेंटाइलची मुले मी पाहिली आहेत. फक्त जिथे तुम्ही कोणत्याही परिस्थितीत जाणार नाही ते महाविद्यालय चौथ्या फेरीच्या फॉर्ममध्ये ठेवू नका.

तिसरा प्रश्न, एक वर्ष थांबण्याचा. इथे परिस्थितीवर बरेच अवलंबून आहे, पण तुमच्या गुणपत्रिकेत एक गोष्ट ठळक दिसते. सीईटीच्या दोनशे गुणांपैकी शंभर गुण गणिताचे आहेत: पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, नव्वद मिनिटे. भौतिक आणि रसायन मिळून शंभर प्रश्नांना शंभर गुण. तुमची घसरण सगळी त्या पहिल्या शंभरातली आहे. ती का झाली, याचा शोध तुम्हीच घेऊ शकता. परीक्षेत वेळ पुरला नाही आणि शेवटचे दहा-पंधरा प्रश्न अंदाजाने भरले असतील, तर तो सरावाचा प्रश्न आहे आणि वर्षभरात मोठा फरक पडतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे वेग वाढला की गुण सरळ वाढतात. पण इंटिग्रेशन, व्हेक्टर, प्रॉबॅबिलिटी यांची उदाहरणे घरी बसून, वेळेची घाई नसतानाही सुटत नसतील, तर पायाच कच्चा आहे आणि तो त्याच क्लासमध्ये पुन्हा बसून पक्का होत नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांपैकी एखादी काढा, गणिताचा विभाग घड्याळाशिवाय सोडवा आणि किती बरोबर येतात ते पाहा. चाळीसच्या पुढे आले तर पुन्हा परीक्षा देण्याचा विचार करण्यासारखा आहे. पंचविसाच्या खाली आले तर माझा सल्ला थांबू नये असाच राहील.

थांबण्याच्या निर्णयाला आणखी एक बाजू आहे. पुन्हा परीक्षा देऊन 91 चे 97 होणे शक्य असते आणि मी ते होताना पाहिले आहे, परंतु 99.9 होणे ही वेगळी गोष्ट आहे. म्हणजे वर्ष घालवून सीओईपीची एखादी शाखा कदाचित मिळेल. आठवीपासून मनात असलेले 'सीओईपीत कॉम्प्युटर' तरीही मिळणार नाही. त्यासाठी वर्ष देण्याची तुमची तयारी आहे का, हा हिशेब थांबण्यापूर्वी करायचा असतो. यंदा मिळालेल्या जागेवर प्रवेश घेऊन, शिकता शिकता पुढच्या वर्षी परत सीईटी देण्याचा मधला मार्ग अनेकजण सुचवतात. तो मला फारसा पसंत नाही. पहिल्या वर्षाचे गणित आणि सीईटी दोन्ही अर्धवट होतात, आणि पहिल्या सत्राचे राहिलेले विषय पुढे कॅम्पसच्या मुलाखतीपर्यंत पाठ सोडत नाहीत. बारावी विज्ञाननंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊन तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला येण्याचाही मार्ग आहे. परंतु सीओईपीत त्या मार्गाने यायला पदविकेत नव्वदीच्या वरचे टक्के लागतात आणि एकूण पाच वर्षे जातात, त्यामुळे 91 पर्सेंटाइलवाल्या मुलीला मी तो सुचवणार नाही.

एक इशारा देऊन ठेवतो, कारण निकालानंतर तुमच्या वडिलांचा नंबर कोणाकोणाच्या हाती गेला असेल सांगता येत नाही. 'सीओईपीत मॅनेजमेंटची सीट करून देतो' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. शासकीय महाविद्यालयांत मॅनेजमेंट कोटा नसतो. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत वीस टक्क्यांपर्यंत संस्थास्तरीय जागा असतात, त्यांचे अर्ज महाविद्यालय उघडपणे मागवते आणि त्या गुणवत्तेनेच भरणे बंधनकारक आहे. शुल्काखेरीज देणगी घेणे राज्याच्या 1987 च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय संस्थास्तरावर प्रवेश घेतला तर मुलींची शुल्कमाफी मिळत नाही, त्यामुळे कॅपमध्ये तीच शाखा जवळपास मिळत असताना संस्थास्तरावर जाणे तुमच्या घरासाठी महागात पडेल. चौथ्या फेरीनंतर रिकाम्या राहिलेल्या कॅपच्या जागाही संस्थास्तरावर भरल्या जातात. मनासारखे मिळाले नसेल तर त्या दिवसांत महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर लक्ष ठेवण्यास हरकत नाही, पण हातातली जागा रद्द करण्याची अंतिम तारीख आणि शुल्क परताव्याचे नियम आधी पाहून.

या आठवड्यात करायचे ते असे. मागच्या वर्षीच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या याद्या उतरवून घ्या आणि वर दिलेल्या प्रत्येक संस्थेच्या प्रत्येक शाखेसमोर तुमच्या कामाच्या चार-पाच रकान्यांचे आकडे वहीत लिहा. दोन फेऱ्यांतला फरक पाहिला की कुठे जागा खाली येतात आणि कुठे घट्ट राहतात, ते दिसेल. 2024-25 मध्ये फेऱ्या तीन होत्या, हे तुलना करताना विसरू नका. ईडब्ल्यूएससाठी उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन सेतू केंद्रात जा. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर त्याचाही अर्ज त्याच खेपेत द्या, आणि अर्जाची पोचपावती जपून ठेवा. ऑप्शन फॉर्म भरल्यावर तो 'कन्फर्म' करायचा असतो. नुसता जतन करून ठेवलेला फॉर्म फेरीत धरला जात नाही, आणि प्रत्येक फेरीला तो नव्याने पाहून पुन्हा कन्फर्म करून घ्यावा. लॉगिनचा पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल तुमच्याजवळ असू द्या, सायबर कॅफेवाल्याजवळ नव्हे.